एका क्यूबिटला ताप येतो का?

हे या भागाचं शब्दांकन. बोलताना जे आकडे घाईघाईत सांगितले ते इथे नीट लिहिलेत, आणि माझं दर दोन वाक्यांनी येणारं "म्हणजे कसंय ना" जमेल तेवढं कापलंय. घाटकोपर ते मुलुंडमध्ये रेंज गेली तरी वाचता यावं, एवढीच इच्छा.

विषयाला निमित्त एक फॉरवर्ड. "क्वांटम बॅटरी आली, आता मोबाइल एका सेकंदात फुल चार्ज!" तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाठवून विचारलं, खरं का रे हे? उत्तर देतो, हिशोबासकट देतो. पण त्यासाठी आधी एक साधा वाटणारा प्रश्न सोडवायला लागेल. एकच अणू असेल, किंवा एकच क्यूबिट असेल, तर त्याच्या बाबतीत "उष्णता", "काम", "तापमान" या शब्दांना काही अर्थ उरतो का?

कारण हे सगळे शब्द आले कुठून? वाफेच्या इंजिनातून. सादी कार्नोचं पुस्तक १८२४ चं. तेव्हा समोर बॉयलर होता, पिस्टन होता, आणि त्यात मोजता न येणारे इतके रेणू होते. एक ग्लास पाणी, २०० मिली धरा, त्यात साधारण ६७ वर २३ शून्यं इतके रेणू असतात. अंधेरी स्टेशनच्या पुलावर सकाळी नऊ वाजता उभे राहा. कोण कुठे चाललंय हे एकेकाला विचारायची गरज पडत नाही, लोंढा कुठे चाललाय ते दिसतं. थर्मोडायनॅमिक्स हे त्या लोंढ्याचं शास्त्र. आता रात्री दीडच्या शेवटच्या गाडीतून तीन माणसं उतरली. लोंढा कुठाय? एक जण चहा शोधायला उलटा फिरला की तुमचा "सरासरी" अंदाज गेला.

लहान सिस्टीमचा हाच पहिला त्रास. सरासरी खरी असते, पण एकेक घटना सरासरीला जुमानत नाही.

तर तापमान. सुपरकंडक्टिंग क्यूबिट घेऊ, कारण तो आपल्या मुंबईत प्रत्यक्ष बनतो. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये आर. विजयराघवन यांची क्वांटम मेजरमेंट अँड कंट्रोल लॅब आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली होती, आठवत असेल: टीआयएफआर आणि डीआरडीओची पुण्यातली तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा यांनी मिळून ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण केली. चिप टीआयएफआरची, कंट्रोलचं इलेक्ट्रॉनिक्स पुण्याचं, आणि क्लाउडवरून वापरायचा इंटरफेस टीसीएसचा. म्हणजे आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे, हे मी मुद्दाम सांगतोय.

अशा क्यूबिटला दोन पायऱ्या असतात, ० आणि १. पायऱ्यांमधलं अंतर फ्रीक्वेन्सीत सांगतात, साधारण ५ गिगाहर्ट्झ. हेच अंतर ऊर्जेतून तापमानात बदललं तर ०.२४ केल्विन येतं, म्हणजे २४० मिलिकेल्विन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

एका क्यूबिटला थर्मामीटर लावता येत नाही. मग काय करायचं? त्याला शांत सोडायचं, मग मोजायचं: ० की १? पुन्हा सोडायचं, पुन्हा मोजायचं. हे लाखभर वेळा. १ किती टक्के वेळा आला, त्या प्रमाणावरून तापमान काढायचं. १ जवळजवळ निम्म्या वेळा आला तर क्यूबिट खूप गरम. हजारात आठदा आला तर साधारण ५० मिलिकेल्विन. आणि २० मिलिकेल्विनला तो दीड-पावणेदोन लाखांत एकदाच यायला हवा. म्हणजे "या क्षणी या क्यूबिटला ताप आहे का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. लाख वेळा विचारल्यावर मिळणाऱ्या उत्तरांचा कल, याला आपण त्याचं तापमान म्हणतो.

आता मजा बघा. डायल्युशन फ्रिज नावाच्या यंत्रात ही चिप ठेवतात. अंतराळाचं सगळीकडे पसरलेलं तापमान २.७ केल्विन, आणि या फ्रिजचा सगळ्यात खालचा मजला त्याच्याही शंभर पटींहून थंड, १० ते २० मिलिकेल्विन. फ्रिजचा डिस्प्ले २० दाखवतो. पण त्याच मजल्यावर स्क्रूने घट्ट बसवलेला क्यूबिट मोजला, तर जगभरच्या लॅबमध्ये बऱ्याचदा उत्तर येतं पन्नासच्या आसपास, कधी त्याहून जास्त. फ्रिज थंड, पाहुणा कोमट!

का? कारण क्यूबिटचं "वातावरण" म्हणजे फक्त तो ज्या तांब्याच्या प्लेटवर बसलाय ती नाही. वरून येणारी केबल हेही त्याचं वातावरण. वरच्या गरम मजल्यांवरून झिरपणारा इन्फ्रारेड प्रकाश हेही. चिपच्या ॲल्युमिनियममधल्या इलेक्ट्रॉनच्या ज्या जोड्या असतात, त्या तुटून उरलेले सुटे इलेक्ट्रॉन हेही. आणि या प्रत्येकाचं तापमान वेगळं. क्यूबिट ज्याच्याशी जास्त बोलतो, त्याच्या तापमानाकडे ओढला जातो. संगतीचा गुण म्हणतात तो हाच.

केबलचा हिशोब मला फार आवडतो, म्हणून इथे जरा थांबू. केबलचं वरचं टोक खोलीत, ३०० केल्विनला. या तापमानाला ५ गिगाहर्ट्झच्या कप्प्यात सरासरी १२५० फोटॉन नुसत्या उष्णतेचे, फुकट आलेले. क्यूबिटपाशी ते एकाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी उरायला हवेत. मग सोपं आहे, सिग्नल १० लाख पटीने कमी करणारा एक ॲटेन्युएटर वर खोलीतच लावून टाकू? नाही चालत. कारण जी वस्तू शोषते तीच वस्तू स्वतःच्या तापमानाने परत फेकते. खोलीत ठेवलेला ॲटेन्युएटर आलेले १२५० फोटॉन गिळेल आणि स्वतःचे १२५० खाली पाठवेल. नुसती बदली! शोषणं आणि फेकणं यांची ही जोडी तुटत नाही, आणि लहान सिस्टीमच्या थर्मोडायनॅमिक्सचा हा पायाच आहे.

म्हणून टप्प्याटप्प्याने जावं लागतं. ४ केल्विनच्या मजल्यावर शंभर पटीने कमी करा: १२५० चे साडेबारा, त्यात त्या ॲटेन्युएटरचे स्वतःचे सतरा, एकूण तीसच्या आत. १०० मिलिकेल्विनला पुन्हा शंभर पट: आता उरले ०.४. शेवटी २० मिलिकेल्विनला आणखी शंभर पट: ०.००४. झालं काम. हा हिशोब कागदावर दहा मिनिटांत होतो, करून बघा. बारावीचं गणित पुरतं.

वातावरण ही नुसती कटकट आहे असं वाटत असेल तर थांबा. ते नसेल तर क्यूबिट रिसेटच होणार नाही. आम्ही प्रोग्रॅममध्ये बिनधास्त लिहितो, व्हेरिएबल बरोबर शून्य. आधी तिथे काय होतं याची फिकीर नाही. निसर्गाला मात्र फिकीर आहे. १९६१ मध्ये आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअर यांनी दाखवलं की एक बिट पुसायला किमान इतकी उष्णता बाहेर टाकावीच लागते: खोलीच्या तापमानाला साधारण ०.०० पुढे एकूण २० शून्यं आणि मग २९, इतके ज्यूल. तुमच्या फोनमधला ट्रान्झिस्टर याच्या हजारो पट उधळतो, त्यामुळे व्यवहारात कोणाला जाणवत नाही. पण मर्यादा खरी आहे. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या गटाने पाण्यात तरंगणारा दोन मायक्रोमीटरचा काचेचा मणी लेझरने दोन खळग्यांमध्ये धरला, "डावा की उजवा" हा त्यांचा बिट, आणि तो हळूहळू पुसून उष्णता मोजली. सरासरी या मर्यादेजवळ येऊन टेकली. एखाद्या फेरीत उष्णता मर्यादेपेक्षा कमीही निघायची! सरासरीने मात्र नियम मोडला नाही. शेवटच्या लोकलमधली ती तीन माणसं आठवा.

क्यूबिट रिसेट करायचा सरळ मार्ग म्हणजे वाट बघणं. तो आपली ऊर्जा वातावरणाला देईल आणि ० वर येईल. क्यूबिटचं आयुष्य १०० मायक्रोसेकंद धरलं तर नीट रिकामा व्हायला ५०० तरी द्या. तेवढ्या वेळात ५० नॅनोसेकंदाची १०,००० गेट्स उरकली असती. म्हणून घाई असेल तेव्हा दुसरा मार्ग: क्यूबिट मोजा, १ आला तर उलटा करा. साधं इफ स्टेटमेंट. पण हे म्हणजे १८६७ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलने कल्पनेत उभं केलेलं ते भूत, जे दाराशी बसून वेगवान आणि मंद रेणू वेगळे करतं. भुताने फुकटात काही मिळवलं का? नाही. "१ आला होता" ही नोंद आता वरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मेमरीत पडली, आणि ती कधीतरी पुसावीच लागणार, तीही खोलीच्या तापमानाला. कचरा आपल्या दारातून शेजाऱ्याच्या दारात गेला, एवढंच.

याच १९६१ मध्ये दुसरा एक पेपर आला, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. लेखक सुदर्शन, मॅथ्यूज आणि राऊ. ई. सी. जी. सुदर्शन मूळचे केरळचे, कोट्टयम जिल्ह्यातले. अमेरिकेला जाण्याआधी, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, ते मुंबईत टीआयएफआरमध्ये होते. तेव्हा टीआयएफआर कुलाब्याच्या आजच्या इमारतीत नव्हतं, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये होतं. गेटवेला फोटो काढताना एकदा तिकडेही बघा. या पेपरचा प्रश्न असा: जी क्वांटम सिस्टीम एकटी नाही, बाहेरच्या जगाशी चिकटलेली आहे, तिची अवस्था कशी बदलू शकते, आणि कशी अजिबात बदलू शकत नाही? पुढे १९७६ मध्ये गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे स्वीडनच्या लिंडब्लाड यांनी, अशा सिस्टीमचं समीकरण पक्कं केलं. आज क्यूबिटचं कुठलंही सिम्युलेशन उघडा, आत हेच समीकरण चालू असतं. लायब्ररीतल्या फंक्शनला बहुतेक वेळा एकट्या लिंडब्लाडचं नाव असतं. मला ते खटकतं, सांगून टाकतो.

या समीकरणात एक गृहीत दडलंय: वातावरण विसरभोळं आहे. तुम्ही गर्दीच्या डब्यात मोठ्याने फोनवर काहीतरी खाजगी बोललात, लोक दादरला उतरले, गोष्ट संपली. तीच गोष्ट सोसायटीच्या जिन्यात बोललात तर? संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून तुमच्याच आईपर्यंत परत येते. पहिलं वातावरण विसरतं, दुसरं लक्षात ठेवतं आणि परत करतं. क्यूबिटजवळ एखादा खोडकर दोष असेल, जो त्याची ऊर्जा घेतो आणि थोड्या वेळाने परत देतो, तर साधं समीकरण फसतं. मग "क्यूबिटने किती उष्णता दिली?" याचं उत्तर तुम्ही कधी विचारता त्यावर अवलंबून राहतं.

आणि जिना आलाच आहे तर त्याचंच उदाहरण पुढे नेतो. जिन्यातल्या दिव्याचं बिल कोणाचं? दोनशे फ्लॅटच्या टॉवरमध्ये कोणी भांडत नाही, मेंटेनन्समध्ये कुठेतरी मिसळून जातं. पण चाळीतली दहा बाय दहाची खोली आणि तिच्यासमोर तेवढीच गॅलरी असेल, तर गॅलरीचा दिवा घरातल्या दिव्याएवढाच महाग. मोठ्या सिस्टीमला पृष्ठभाग आतल्या भागाच्या मानाने नगण्य, म्हणून सिस्टीम आणि वातावरण यांच्यामधली जोडणीची ऊर्जा आपण पाठ्यपुस्तकात सोडून देतो. एका क्यूबिटला "आतला भाग" असा असतोच किती? जोडणी घट्ट असेल तर ती ऊर्जा सिस्टीमच्या खात्यात टाकायची की वातावरणाच्या, यावर आजही एकमत नाही. पहिला नियम, ऊर्जा टिकते, तो ठाम आहे. वाद आहे तो वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं याचा. आणि रकाना बदलला की इंजिनाची कार्यक्षमता बदलते, म्हणून हा वाद रिकामटेकडा नाही.

"काम" या शब्दाचं तर आणखी अवघड. किती काम झालं हे कळायला सुरुवातीची ऊर्जा मोजा, शेवटची मोजा, वजाबाकी करा. पण क्यूबिट ० आणि १ च्या मिश्र अवस्थेत असेल तर सुरुवातीला मोजल्याबरोबर ती अवस्था गेली. ज्या क्वांटमपणामुळे काही वेगळं घडलं असतं, तोच मोजताना मारला. यातून वाट काढायचे बरेच प्रस्ताव आहेत, आणि एकही सगळ्यांना पटलेला नाही. ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी: पवईच्या आयआयटी मुंबईतले साई विंजनमपती आणि जेनेट अँडर्स यांचा २०१६ चा "क्वांटम थर्मोडायनॅमिक्स" हा आढावा लेख तिसऱ्या वर्षाच्या फिजिक्सच्या मुलाला धापा टाकत का होईना, वाचता येतो.

आता तुमचा फॉरवर्ड.

क्वांटम बॅटरी ही गोष्ट थाप नाही, आणि त्यावरचा एक चांगला प्रयोग पुण्यातच झालाय. आयसर पुण्याचे जितेंद्र जोशी आणि टी. एस. महेश यांचा पेपर, २०२२. एनएमआर यंत्र म्हणजे एमआरआयचं लॅबमधलं भावंड. त्यात द्रवातल्या रेणूंमधल्या अणुकेंद्रांचे स्पिन वापरले. रेणू असे निवडले की मधल्या एका स्पिनभोवती बाकीचे एकसारखे स्पिन ताऱ्याच्या टोकांसारखे बसतात. एक स्पिन बॅटरी, बरेच स्पिन चार्जर. चार्जर एकेकटे न राबता आपापसात क्वांटम नातं जोडून एकत्र राबले तर बॅटरी लवकर भरते, हे त्यांनी मोजून दाखवलं. नुसती ऊर्जा मोजून थांबले नाहीत. त्यातली किती ऊर्जा खरोखर कामाला काढता येते, ज्याला एर्गोट्रॉपी म्हणतात, तीही काढली. हा फरक महत्त्वाचा आहे. गरम चहात भरपूर ऊर्जा असते, पण त्यावर फोन चार्ज होत नाही. शेवटी तिसरा एक स्पिन "लोड" म्हणून जोडला आणि दोन मिनिटांपर्यंत साठवलेली ऊर्जा त्याला देऊन दाखवली. दोन मिनिटं! क्वांटम जगात हे युग आहे. बाकी गळती कोण करतं? अर्थात वातावरण.

मग फोन? हिशोब करू. फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ६९,००० ज्यूल. ५०० मेगाहर्ट्झच्या एनएमआर यंत्रात पाण्यातल्या हायड्रोजनच्या एका स्पिनमध्ये मावणारी ऊर्जा इतकी चिमुकली असते की ६९,००० ज्यूल भरायला २ वर २९ शून्यं इतके स्पिन लागतील. म्हणजे सुमारे ३१०० लिटर पाणी, त्यातला हायड्रोजनचा प्रत्येक स्पिन शंभर टक्के उलटा केलेला. सोसायटीच्या गच्चीवरच्या १००० लिटरच्या तीन टाक्या खिशात घालून फिरा, वर दर दोन मिनिटांनी चार्ज करा. हा पुण्याच्या प्रयोगाचा दोष नाही. त्यांनी फोनबद्दल काही म्हटलेलंच नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पेपर उघडला नव्हता, एवढं नक्की.

याच अंगाने आणखी एक गोष्ट तपासायची सवय लावा. "एका गेटला इतकी नगण्य ऊर्जा लागते" असं कुणी म्हणालं की विचारा, फ्रिजचं बिल धरलंय का? क्यूबिटची ऊर्जा दशांश चिन्हानंतर २३ शून्यांनी सुरू होते, आणि त्याला थंड ठेवणारा फ्रिज किलोवॅटमध्ये वीज खातो, आपल्या घरच्या चार-पाच गीझरएवढी. पुन्हा तोच रकान्याचा प्रश्न.

बरं, वातावरण क्यूबिटला छळतं, तर तो छळच मोजला तर? पवईत हे चालू आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशन २०२३ मध्ये मंजूर झालं, ६००३.६५ कोटींचं, आणि त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आलं. तिथे कस्तुरी साहा यांच्या लॅबमध्ये हिऱ्यातल्या एका विशिष्ट दोषाचा वापर होतो: कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी एक रिकामी जागा. या दोषाचा स्पिन खोलीच्या तापमानालाही शाबूत राहतो, फ्रिज नको. त्याच्यावर आधारित, चिपमधल्या प्रवाहांचं चुंबकीय चित्र काढणारं उपकरण बनवायला आयआयटी मुंबई आणि टीसीएसने २०२४ मध्ये हातमिळवणी केली. हाच दोष थर्मामीटरही होऊ शकतो. त्याची २.८७ गिगाहर्ट्झची फ्रीक्वेन्सी दर अंश सेल्सिअसला साधारण ७४ किलोहर्ट्झने खाली सरकते. तापमान एका अंशाने वाढलं, की सूर किंचित उतरला. काही प्रयोगांत असे हिऱ्याचे कण जिवंत पेशीच्या आत सोडून पेशीचं तापमान मोजलंय.

मॅक्सवेलच्या भुतावर एक अख्खा भाग करावा असं तिघांनी लिहिलंय. पुढचा भाग त्याचाच. दरम्यान केबलचा तो हिशोब करून बघा, आणि ४ केल्विनच्या ॲटेन्युएटरचे स्वतःचे फोटॉन सतराच का येतात ते मेसेजमध्ये कळवा.